बांगलादेशात कापूस पिकत नाही, तरी जगाला कपडे तेच कसे पुरवतात?

सिन्नरहून एका तरुणाने विचारलंय. मुसळगावला वडिलांचं ४५ मशीनचं युनिट आहे, देशी ब्रँडसाठी जॉबवर्क, म्हणजे मजुरीवर शिलाई करतात. आता एका ब्रिटिश बायरकडून विचारणा आली आहे. त्यांचे प्रश्न तीन. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही, आपल्याकडे खानदेश-विदर्भ भरून पिकतो, तरी कपड्यांची निर्यात त्यांची आपल्या दुपटीहून जास्त कशी? अमेरिकेने २०२५ मध्ये ५० टक्के कर लावला, त्याचा आपल्यासारख्या लहान युनिटशी नेमका काय संबंध? आणि अशा दिवसांत निर्यातीत उतरावं का?

मी १९९७ साली मुंबईत एका एक्स्पोर्ट हाऊसमध्ये मर्चंडायझर (बायरच्या ऑर्डर सांभाळणारी) म्हणून लागले आणि २००९ पासून अंबडला स्वतःचं युनिट चालवते. जे सांगते आहे ते बरंचसं कॉस्टिंग शीटवर, म्हणजे कपड्याच्या खर्चाच्या हिशेबावर बसून शिकलेलं आहे.

तुम्ही सिन्नरचे, म्हणून कांद्यापासून सुरू करते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. मे २०२४ मध्ये उघडली, पण टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि वर ४० टक्के शुल्क लावून. कांदा तोच, शेतकरी तोच, चाळ तीच. दिल्लीतून एक अधिसूचना निघाली आणि लासलगावच्या लिलावातला भाव बदलला. कपड्याचंही असंच आहे, फरक इतकाच की आपला भाव ठरवणाऱ्या अधिसूचना दिल्लीइतक्याच ब्रुसेल्स आणि वॉशिंग्टनमधूनही निघतात. शिवणाऱ्या बाईच्या हाताचा वेग, कापडाचा दर, मशीनची किंमत हे सगळं मोजून झाल्यावर शेवटी जो आकडा निर्णय करतो, तो बायरच्या देशातल्या आयात करणाऱ्याने भरायचा कर असतो.

आपल्या धंद्यात लहान युनिटला सगळा खर्च जाऊन शंभरामागे चार-सहा रुपये सुटले तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. आता युरोप पाहा. तिथे बहुतेक कपड्यांवर मूळ कर १२ टक्के आहे. आपल्याला विकसनशील देश म्हणून २०२५ पर्यंत थोडी सूट मिळत होती आणि तो ९.६ वर येत होता. बांगलादेशाला शून्य. म्हणजे आपला पूर्ण नफा सोडून दिला तरी आपण त्यांच्याशी बरोबरी करू शकत नाही. उरलेला फरक एकतर मजुरीतून किंवा कापडातून काढावा लागतो. मजुरीतून काढू नये असं माझं ठाम मत आहे, कारण ती आधीच कमी आहे. मग राहतं कापड. त्याच्याकडे नंतर येते.

बांगलादेशाला हे शून्य कसं मिळालं, ते नीट समजून घ्या. हे सगळं स्वस्त मजुरीमुळे झालं असं लोक सांगतात, पण स्वस्त मजुरी १९७५ मध्येही होतीच आणि तेव्हा तिथे कपड्यांची निर्यात नावालाही नव्हती. तो उद्योग उभा राहिला तो श्रीमंत देशांच्या अडवणुकीमुळे. १९७४ साली मल्टी फायबर ॲरेंजमेंट आली. अमेरिका, युरोप यांनी निर्यात करणाऱ्या प्रत्येक देशाला कोटा ठरवून दिला: अमुक प्रकारचे इतके डझन, त्यापुढे एकही नाही. कोरियाचा कोटा भरायला लागला, तसे कोरियन उद्योजक असा देश शोधू लागले जिथून माल पाठवला तर कोटा आड येणार नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोरियाच्या देवू कंपनीने बांगलादेशाच्या देश गार्मेंट्सशी करार केला आणि १३० बांगलादेशी लोकांना कोरियात बुसानला नेऊन काही महिने शिकवलं. ते परत आले, कारखाना सुरू झाला, आणि काही वर्षांत त्यातले बहुतेक जण बाहेर पडून स्वतःचे किंवा दुसऱ्यांचे नवे कारखाने उभे करू लागले. आजच्या त्या अवाढव्य उद्योगाचं मूळ ते १३० जण.

त्यांच्या सरकारने दोन गोष्टी केल्या, ज्या मला आजही अतिशय शहाणपणाच्या वाटतात. एक, निर्यातीसाठी लागणारं कापड बाँडेड गोदामात शुल्क न भरता आणायची सोय दिली. दुसरी, बायरने उघडलेल्या एलसीच्या (बँकेच्या पैशांच्या हमीपत्राच्या) जोरावर कापडासाठीची एलसी उघडायला परवानगी दिली. त्याला बॅक टू बॅक एलसी म्हणतात. ज्याच्याकडे भांडवल नाही पण ऑर्डर आहे, असा माणूसही कारखाना चालवू शकला. कापूस नव्हता, सूत नव्हतं, कापड नव्हतं. होत्या शिवणाऱ्या बाया आणि त्यांच्या वाटेत न येणारे नियम.

कोट्याचे दिवस मी स्वतः पाहिले आहेत. अमेरिकेच्या यादीत बायकांच्या सुती ब्लाउजचा प्रकार क्रमांक ३४१ होता, पुरुषांच्या शर्टाचा ३४०. आम्ही कपड्याचं नाव घेतच नसू, "३४१ आहे का?" असंच विचारायचो. कोटा आधीच्या वर्षांच्या निर्यातीवर मिळायचा आणि ज्याच्याकडे जास्त असेल तो दुसऱ्याला प्रीमियम घेऊन द्यायचा. काही मंडळी एकही कपडा न शिवता कोट्यावर जगली. नव्या माणसाला आत शिरणं अवघड होतं. १ जानेवारी २००५ ला हे सगळं संपलं. आम्हाला वाटलं, आता भारत सुटला. चीन खूप पुढे गेला, बांगलादेश टिकला आणि वाढला. आपण मात्र कोविडचं वर्ष सोडलं तर कित्येक वर्षं १४ ते १७ अब्ज डॉलरच्या घरातच फिरतो आहोत. बांगलादेश २०२४ मध्ये ३८ अब्जांच्या आसपास होता.

कोटा गेला आणि त्याची जागा कराने घेतली. युरोपने २००१ मध्ये सर्वांत अविकसित देशांना शस्त्रं सोडून सगळं करमुक्त केलं. तरी सुरुवातीला त्यात एक मोठी अट होती आणि ही अट तुम्ही पक्की लक्षात ठेवा, कारण उद्या ब्रिटनला माल पाठवताना अशीच अट तुमच्यापुढे येणार आहे. तिला रूल्स ऑफ ओरिजिन म्हणतात. कपडा त्या देशाचा केव्हा मानायचा? युरोप म्हणायचा, दोन प्रक्रिया तरी तिथे व्हायला हव्यात: कापड तिथेच बनलं पाहिजे आणि शिवलंही तिथेच पाहिजे. टी-शर्टाचं होजिअरी कापड बांगलादेशात आयात सुतापासून बनत होतं, त्यामुळे टी-शर्ट करमुक्त गेले. शर्ट-पँटचं मागावर विणलेलं कापड मात्र चीन-भारतातून यायचं, त्यामुळे त्यांना ही सवलत मिळत नव्हती. १ जानेवारी २०११ पासून युरोपने सर्वांत अविकसित देशांसाठी एकच प्रक्रिया पुरेशी धरली. कापड कुठूनही आणा, नुसतं शिवा, कर शून्य. एका वाक्याच्या दुरुस्तीने शर्ट आणि पँट शिवणाऱ्या शेकडो कारखान्यांचं नशीब फिरलं. आपल्याकडची कितीतरी अनुदानं एवढा फरक करू शकली नाहीत.

यात एक दुखरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला आणि १,१३४ माणसं मेली. त्यात आपल्यासारख्याच कारखान्यांतल्या मुली होत्या. त्यानंतर अमेरिकेने बांगलादेशाची जीएसपी (विकसनशील देशांना मिळणारी करातली) सवलत थांबवली, पण त्या सवलतीत कपडे मुळातच नव्हते, त्यामुळे कपड्यांच्या निर्यातीला तिचा थेट धक्का बसला नाही. खरा बदल झाला तो युरोपियन ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातल्या बंधनकारक सुरक्षा कराराने. आज तुमच्याकडे बायर आगीच्या जिन्याचा, इमारतीच्या दाखल्याचा, ओव्हरटाइमच्या रजिस्टरचा ऑडिट मागतो. ते कटकट म्हणून करू नका. माझ्या युनिटमध्ये ७० बायका आहेत. त्यांच्यासाठी तो जिना मोकळा ठेवते, ऑडिटरसाठी नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला बाहेरच्यांनी जितकं अडवलं, तितकंच आपण स्वतःला अडवलं. कपडे शिवणं हा उद्योग कित्येक दशकं लघुउद्योगासाठी राखीव होता. निर्यातीचं बंधन स्वीकारल्याशिवाय मोठा कारखाना काढता येत नसे. शिवलेल्या विणकापडी कपड्यांवरचं हे आरक्षण २००० च्या वस्त्रधोरणाने उठलं, होजिअरीचं २००५ मध्ये. तोवर ढाक्यात हजार-दोन हजार मशीनचे कारखाने उभे होते. बायरला दोन लाख टी-शर्ट एका रंगात, एका मापात हवे असतात. तो ४५ मशीनच्या दहा दारांवर फिरत नाही.

दुसरी अडवणूक धाग्यात आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या धाग्यांत कृत्रिम धाग्याचा वाटा आता कापसाच्या कितीतरी पुढे गेला आहे. जॅकेट, खेळाचे कपडे, लेगिंग, पावसाळी कपडे, सगळं पॉलिएस्टर-नायलॉन. आपली निर्यात मात्र मुख्यतः सुती, म्हणजे उन्हाळ्याच्या कपड्यांची. ऑर्डर सहा महिने असते आणि सहा महिने लाइन रिकामी. असं का, तर आपल्याकडे कृत्रिम धागा महाग पडतो. व्हिस्कोस या धाग्यावर वर्षानुवर्षं अँटी डंपिंग (स्वस्त आयात रोखणारं जादा) शुल्क होतं, ते ऑगस्ट २०२१ मध्ये गेलं. श्वास घेतो न घेतो तोच २०२३ मध्ये व्हिस्कोस आणि पॉलिएस्टरवर क्वालिटी कंट्रोल ऑर्डर आल्या. परदेशी धागा हवा तर त्या कारखान्याने आधी आपल्या मानक ब्यूरोचा परवाना घ्यायचा. ते शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये मागे घेतलं. जीएसटीतही कृत्रिम धाग्यावर १८ टक्के, त्यापासून कातलेल्या सुतावर १२ आणि कापडावर ५ असं उलटं गणित होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून धागा, सूत दोन्ही ५ वर आले. दोन्ही निर्णय योग्य झाले, उशिरा झाले.

ॲबा लर्नर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच मांडलं होतं की आयातीवरचा कर हा अखेरीस निर्यातीवरचाच कर असतो. मी ते शिकले एका जॅकेटच्या ऑर्डरवर. बायरने अस्तराचं कापड आणि चेन कुठली घ्यायची ते नेमून दिलं होतं, दोन्ही परदेशी, म्हणजे आयात शुल्क आलंच. शुल्क परत मिळण्याच्या योजना होत्या, ॲडव्हान्स ऑथरायझेशनही (निर्यातीसाठीचा माल शुल्क न भरता आणायचा परवाना) होतं, पण ४५-७० मशीनच्या युनिटला ते कागद सांभाळायला माणूस ठेवावा लागतो. कागद होईपर्यंत शिपमेंटची तारीख गेली. मोठा कारखाना शुल्क टाळतो, लहान कारखाना भरतो. म्हणून सरकारने परतावे वाढवण्यापेक्षा मुळातलं शुल्कच काढावं असं मी म्हणते.

कापसाचं मात्र तसं सरळ नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर आयात कापसावर ११ टक्के शुल्क पडत होतं. अमेरिकेच्या करामुळे उद्योगाला दिलासा म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून ते उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. सुताच्या दृष्टीने ठीक झालं. पण ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आपल्या वेचणीचे महिने. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडे माझे नातेवाईक कापूस लावतात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता आणि व्यापाऱ्याकडे त्याहून कमी मिळाला की त्यांचा पहिला फोन मला येतो: "ताई, तुमच्यासाठी केलं ना हे?" मला उत्तर देताना जड जातं. माझं मत असं की कापड उद्योगाला कापूस जागतिक भावाने मिळालाच पाहिजे, आणि शेतकऱ्याला आधार सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) वेळेवर झालेल्या खरेदीतून मिळाला पाहिजे, बंदरावरच्या शुल्कातून नाही. पण खरेदी केंद्रं वेळेत उघडत नसतील, तर शुल्क काढायला तोच मुहूर्त धरणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे. दोघांचं पोट एकाच बोंडावर आहे.

आता अमेरिका. तिथे सुती टी-शर्टवर १६.५ टक्के कर पूर्वीपासून आहे, कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टवर ३२. त्यावर ७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याला २५ आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लागले. बांगलादेश आणि व्हिएतनामला २०. चार डॉलर एफओबीचा (आपल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या भावाचा) सुती टी-शर्ट घ्या. २०२५ च्या त्या दरांनी आपल्या मालावर एकूण ६६.५ टक्के, म्हणजे २ डॉलर ६६ सेंट कर होता. बांगलादेशच्या मालावर ३६.५ टक्के, १ डॉलर ४६ सेंट. बरोबरी करायची तर आपल्याला चारचा भाव ३ डॉलर २८ सेंटवर आणावा लागला असता. शंभरामागे अठरा रुपये कुठून आणायचे? अमेरिका ही आपल्या कपड्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ, साधारण एक तृतीयांश माल तिकडे जातो.

तुम्ही विचारलंत, लहान युनिटशी काय संबंध. माझ्याकडे त्या वेळी एका अमेरिकन बायरचे १४,००० टॉप फिनिशिंगला होते, एफओबी ५ डॉलर २० सेंट. ६ ऑगस्टला दुसऱ्या २५ टक्क्यांचा हुकूम निघाला. २७ ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेल्या आणि १७ सप्टेंबरच्या आधी तिकडे उतरलेल्या मालाला जादा कर लागणार नव्हता. न्हावा शेव्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला ते बसणारं नव्हतं. बायरने २० टक्के सूट मागितली, १२ वर तडजोड झाली. ८,७३६ डॉलर, म्हणजे साडेसात लाखांहून जास्त रुपये गेले. वर्षभर त्या बायरकडून जे कमावलं असतं त्याहून जास्त. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. युनिटमध्ये गणपती बसवला, आरती झाली, आणि बायका विचारत होत्या की दिवाळीचा बोनस होणार ना. झाला, कर्ज काढून दिला. जी युनिटं मोठ्या एक्स्पोर्टरचं जॉबवर्क करतात त्यांना तर सूटही मागितली गेली नाही, नुसता ट्रक यायचा थांबला. तुम्ही थेट निर्यात करत नसलात तरी त्या थांबलेल्या ट्रकची झळ तुमच्याही दारापर्यंत येते.

ब्रिटनकडे वळते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. २०२५ च्या अखेरपर्यंत तो लागू झालेला नव्हता. लागू झाला की आपल्या कपड्यांवरचा १२ टक्क्यांपर्यंतचा कर शून्य होईल आणि बांगलादेशाशी त्या बाजारात पहिल्यांदा बरोबरी होईल. शिवाय २०२५ अखेरच्या वेळापत्रकाप्रमाणे बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ ला सर्वांत अविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा होता. म्हणजे वारा आपल्याकडे वळतो आहे, पण एकदम वळणार नाही, कारण युरोपने त्यांना बाहेर पडल्यावरही तीन वर्षं सवलत चालू ठेवायचं ठरवलं आहे.

शून्य कर म्हणजे ऑर्डर, असंही समजू नका. जपानशी आपला करार ऑगस्ट २०११ पासून आहे, कपड्यांवर कर शून्य. तरी जपानच्या कपड्यांच्या आयातीत आपला वाटा नगण्य राहिला. तिथला बायर प्रत्येक नग नीडल डिटेक्टरमधून (कपड्यात राहिलेला सुईचा तुकडा शोधणाऱ्या यंत्रातून) जावा म्हणतो, आतली शिलाईसुद्धा तपासतो आणि तारीख एक दिवस चुकू देत नाही. आपण एका तऱ्हेच्या मालाची सवय लावून बसलो आणि ते दार उघडं असून आत गेलो नाही. नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी हे आपल्याआधी शिकून घेतलं. २०१० मध्ये औषधाच्या अंशामुळे युरोपने द्राक्षं अडवली, बागायतदार बुडाले, पण पुढच्या हंगामांत फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा दाखला हे सगळं त्यांनी अंगवळणी पाडलं. आपल्याकडे रंगातल्या रसायनांची चाचणी तशीच समजा.

तर उतरावं का? उतरा, पण जॉबवर्क सोडून नाही. ४५ पैकी १५ मशीनची एक लाइन वेगळी काढा आणि पहिलं वर्ष एकच प्रकार करा, सुती कुर्ती-टॉप किंवा लहान मुलांचे कपडे, जिथे ऑर्डर दोन-तीन हजार नगांची असते आणि ढाक्याच्या मोठ्या कारखान्याला ती परवडत नाही. तीच तुमची जागा आहे. पैसे येईपर्यंतचा ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा घ्या, पहिल्या शिपमेंटला तर घ्याच. मालेगावचं ग्रे कापड जवळ आहे, पण ते रंगवायला बाहेर जातं. ते कुठे रंगलं आणि कुठल्या सुताचं होतं याचे कागद पहिल्या दिवसापासून फाइलला लावा, कारण ओरिजिनचा दाखला काढताना तेच मागतात. कापड चिनी असेल तर शून्याची खात्री धरून भाव देऊ नका, आधी कराराचं ओरिजिनचं प्रकरण सीएचएला (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला) घेऊन ओळ-ओळ वाचा.

भावाबद्दल एक महत्त्वाचं. कर बायर भरतो, म्हणजे कर गेला की वाचलेले पैसे आपोआप बायरच्या खिशात राहतात. ब्रिटनमध्ये पोचलेल्या किमतीवर १२ टक्के धरले तर ५ पौंडांच्या टॉपमागे ते ६० पेन्स होतात. तुमच्या बायरला आत्ताच दोन भाव द्या: एक करार लागू होण्याआधीच्या शिपमेंटचा, एक नंतरचा. दुसऱ्यात त्या ६० पेन्सपैकी निदान १५-२० मागा. तो घासाघीस करेल, १० वर येईल. तेही चालेल, पण जो आकडा ठरेल तो पहिल्याच पर्चेस ऑर्डरवर लिहून घ्या, कारण करार लागू झाल्यावर जुन्याच भावाने ऑर्डर पाठवायला तो एक मिनिटही थांबणार नाही.